गवरा हाइट्सची सावली

नंदुरबारात सात मजली इमारत म्हणजे केवढं कौतुक, ते मुंबईवाल्याला नाही कळायचं. जिनेश शेठनं जुन्या घराला लागून पश्चिमेचा प्लॉट घेतला आणि तिथं आईच्या नावानं ‘गवरा हाइट्स’ उभी केली. धानोऱ्याकडून येताना आता आधी ती दिसते, मग गाव. लोक खाली उभे राहून फोटो काढतात. शेठ मात्र यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बायकोसाठी टरबूज घेऊन निघाला तो मान खाली घालूनच. स्वतःच्याच इमारतीकडं बघायची त्याला लाज वाटायची.

का, ते सांगतो. गवराबाई जन्मभर चौविहार पाळणारी. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत. आणि मावळला की नाही, ते घड्याळावर नाही, अंगणातून स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवायचं. लिफ्टची तिला धास्ती, म्हणून मुलगा-सून सातव्या मजल्यावर गेले तरी ती खाली जुन्या घरातच राहिली. मागच्या वैशाखात चार वाजले की सूर्य त्या सात मजल्यांआड जायचा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढं पुरे होतं. म्हातारी वाकून अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायची आणि लोटा पालथा घालून माळ ओढत बसायची. त्या वेळी तिच्याकडं कुणी फिरकतही नसे.

एकदा जिनेश गेला होता. त्यानं पाणी पुढं केलं तर ती म्हणाली, “सूरज आथमग्यो, बेटा.” बाहेर रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. ‘बाई, मावळला नाही, माझ्या बिल्डिंगआड गेलाय,’ एवढंच तर म्हणायचं होतं! पण सकाळीच नावाची पाटी लागलेली, पेढे वाटून झालेले, जीभच उचलली नाही. उद्या सांगू म्हणाला. उद्या-उद्या करता महिना सरत आला आणि म्हातारी गेली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलं. समाज म्हणाला, काय तपस्वी बाई! सभेत जिनेशला शाल घातली, आणि त्यानं ती घालून घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, तरी घेतली. बायकोला, फाल्गुनीलाही, त्यानं यातलं अक्षर सांगितलं नाही; सासूमागं तिचा चौविहार आता फाल्गुनीनं धरला होता.

तर टरबूज घेऊन तो फाटकाशी आला. वॉचमन हिलाल वर बघत उभा होता.

“शेठ, तुम्हना मजलावर अंधार का शे?”

जिनेशनं मान वर केली. सहा मजल्यांच्या गॅलऱ्या उन्हानं पांढऱ्या पडल्या होत्या. सातवीच तेवढी काळवंडलेली.

“ढग आला असेल.”

“ढग कोठे शे, शेठ?” हिलाल हळूच म्हणाला.

कालच फाल्गुनी ओट्याशी चक्कर येऊन पडली होती. उन्हाचं होतं, म्हणाली होती. ते आठवलं आणि लिफ्टमध्ये शेठ सातचं बटण परत परत दाबत राहिला.

वर दार उघडंच होतं. घरात उन्हाळाच नव्हता. बंद पडलेल्या घरातला ओलसर वास, पंखा थांबलेला, आणि कबुतरं रात्रीसारखी गप्प. फाल्गुनी गॅलरीत भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले. पुढं पेला पालथा.

“आलात? आज फार लवकर मावळला, नाही?”

“फाल्गुनी... पाणी पी.”

“वेळ गेली हो आता.”

“अगं, चार वाजलेत... ऊन आहे बाहेर.”

“उगाच काय... मला दिसतंय ना.”

रोज किती वाजता हा पेला पालथा होत असेल? जिनेशच्या हातून टरबूज सुटलं. त्यानं पेला भरला, तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड फिरवलं. तेव्हा मात्र तो रडायलाच लागला.

“नाही मावळला गं! दिवस आहे... ही सावली आहे नुसती, कसली तरी सावली! आईची शपथ, पी!”

फाल्गुनीनं पेला हातानं बाजूला सारला. आवाजात राग नव्हता.

“मग बाईंना का नाही सांगितलंत?”

पेला हातात तसाच राहिला. तिला तोंड दाखववेना म्हणून त्यानं पश्चिमेकडं पाहिलं. रेल्वेचे रूळ, पलीकडं वेचून उलंगलेली कापसाची रानं, आणि आभाळात ढळढळीत सूर्य. झाडाहून उंच असं तिकडं काही म्हणता काही नव्हतं.

पण गॅलरीच्या फरशीवर पडलेल्या सावलीची कड गच्चीच्या कठड्यासारखी सरळ होती. सावलीतल्या त्या कठड्यावर दोरी होती, दोरीवर कपडे होते, आणि कुणीतरी वाकलेली बाई, दिवेलागण व्हायच्या आत आवरावं तसे, ते एकेक करून काढून घेत होती.