कासवाच्या पाठीवरचे शंख

"नाक दाब हवं तर, पण शिंकलास तर बघ!" टिटवीने धाकट्या भावाला, गोट्याला, दटावलं.

शेडच्या फळीतल्या फटीला तीन डोळे चिकटले होते. तिसरा डोळा त्यांच्या आतेभावाचा. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणत.

आत भलंमोठं कासव उभं होतं. लोखंडी सांगाड्यावर एकेक शंख चिकटवून ते घडत होतं. आत्याच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या शिल्पकार ताईने तीन महिने किनाऱ्यावर काढले होते. खडकांतली डबकी न्याहाळता न्याहाळता तिला हे कासव सुचलं होतं. परवा बंदरावर त्याचं उद्घाटन. पाटीही रंगवून तयार होती : 'समुद्राने टाकून दिलेल्या रिकाम्या शंखांतून'.

"रिकाम्या शंखांना असा कुजका वास येतो?" टिटवी कुजबुजली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोत्यातून एक शंख घरंगळला आणि चक्क तुरुतुरु चालायला लागला!

"अगं, त्याला पाय फुटले!" गोट्या ओरडलाच.

"शंखात राहणारा खेकडा आहे तो," प्रोफेसर म्हणाला. "म्हणजे हे शंख रिकामे नाहीत. आत जीव आहेत!"

तिघं थेट आत शिरली. ताईला शंखांची पोती पुरवणारा मुकादम तिथेच होता. तो पोट धरून हसला. "अरे, एखादा आला असेल चुकून! पलीकडच्या वाळूवर खच पडलाय मेलेल्या शंखांचा. जा, खेळा बाहेर!"

ताईने मानही वर केली नाही. "खूप काम आहे रे बाळांनो. नंतर या," एवढंच म्हणाली.

टिटवीला हे खटकलं. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी याच ताईने तिला चित्रवहीत गोगलगायी काढायला शिकवलं होतं. मग आता नजर का चुकवतेय? रात्री शेडला कुलूप का लावते?

"ताईलाही ठाऊक असणार," ती बाहेर येऊन म्हणाली. "दोघं मिळालेले आहेत."

"पुरावा?" प्रोफेसरने चष्मा सावरला.

पुरावा नव्हता. पण खडकांवर जाऊन पाहिलं, तेव्हा संशय पक्का झाला. मागच्या आठवड्यात गजबजलेली डबकी ओकीबोकी पडली होती. फक्त टोकाच्या एका डबक्यात गोगलगायी उरल्या होत्या.

"आत्याकडे लाल नेलपेंट आहे!" टिटवी एकदम उडालीच.

"आता नटायचंय तुला?" गोट्याने डोळे विस्फारले.

"मला नाही रे, यांना!"

संध्याकाळच्या ओहोटीला तिघांनी एकेक शंख रुमालाने कोरडा केला, त्यावर इवलासा लाल ठिपका दिला आणि वाळल्यावर तो जागच्या जागी ठेवला. एकतीस ठिपके झाले. गोट्याचं तर नाकही लाल झालं.

सकाळच्या ओहोटीनंतर ते डबकंही रिकामं होतं! तिघं धावत शेडवर पोहोचली, तेव्हा मुकादम नवं पोतं उतरवत होता. मागोमाग आत्याही आली. नेलपेंटची बाटली शोधत.

"काका, हे कुठले हो?" टिटवीने भाबडा चेहरा केला.

"सांगितलं ना, पलीकडच्या वाळूवरचे! आठवडाभर वेचतोय."

"सगळे मेलेले?"

"सगळे!"

टिटवीने पोतं धरून उपडं केलं. शंखांच्या ढिगात लाल ठिपके चमकले. एक, दोन, पाच, बारा!

"मग काल संध्याकाळी आम्ही खडकावर रंगवलेले जिवंत शंख तुमच्या पोत्यात कसे आले?"

मुकादमाची बोबडी वळली. "ते... वाळूवर फार चालावं लागतं... खडक जवळ पडतात..."

आत काम करणारी ताई पुढे येऊन ढिगाजवळ बसली. तिने एक शंख उलटा केला. आतलं मऊ अंग चटकन आक्रसलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बादल्या आणा," ती कशीबशी म्हणाली. "खाऱ्या पाण्याच्या! आधी जे जिवंत आहेत ते परत नेऊ."

सगळे कामाला लागले. मुकादमालाही आत्याने सोडलं नाही. सगळ्यात जड बादली तिने त्याच्याच हातात दिली.

उद्घाटनाला कासव अर्धंच होतं. ताईने डबक्यांतून आलेले सगळे शंख काढून टाकले होते. पाठीचा लोखंडी सांगाडा तसाच उघडा होता आणि जुनी पाटी गायब होती. काय घडलं ते ताईने सर्वांसमोर सांगितलं, स्वतःची चूकही. मग तिने तिघांना पुढे बोलावलं.

"या किनाऱ्याला डोळे आहेत, हे आज कळलं," बंदर अधिकारी म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याने गोट्याला उचलूनच घेतलं.

गर्दी पांगल्यावर टिटवी ताईजवळ रेंगाळली. "ताई... मला वाटलं होतं, तूही त्यात आहेस. रागावलीस?"

ताईने तिला जवळ ओढलं. "तू संशय घेतलास ते बरंच केलंस गं. वास मलाही येत होता. पण कासव पूर्ण करायची घाई होती ना, म्हणून मी विचारलंच नाही."

दोघी उघड्या सांगाड्याकडे बघत उभ्या राहिल्या. भरतीचं पाणी खडकांवर चढू लागलं होतं.