ठोक्याची तीस गाणी

त्या दिवशी खरं तर तिला सुट्टी होती. पण जोडीदार तंत्रज्ञ बाई तापाने अंथरुणाला खिळल्या आणि तिला यावं लागलं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, कान तपासायच्या खोलीत, ओली छत्री कोपऱ्यात टेकवून ती बसली. बाहेर पाऊस नुसता पिरपिरत होता. पहिला पेशंट आत आला तोच दाराच्या चौकटीवर बोटांनी ताल धरत.

तिने त्याला काचेपलीकडच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि समजावलं – आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असो. तो दाबत गेला. दर वेळी, अगदी अचूक. इतकं अचूक की तिला शंका आली. बारा वर्षं ती हेच काम करत होती. असे कान असते तर हा माणूस इथवर आलाच नसता. पुढच्या वेळी तिने आवाज सोडलाच नाही, नुसता श्वास रोखला. त्याने बटण दाबलं.

ती उठून आत गेली.

"तुम्ही माझा हात बघून बटण दाबताय."

"हात नाही," तो ओशाळून हसला. "आवाज सोडायच्या आधी तुम्ही श्वास धरता. ते दिसतं."

"ही कानांची तपासणी आहे."

"डोळे पास झाले ना पण?"

ती हसली, पण पाठ फिरवल्यावर. मग तिने त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. या वेळी आवाजामागून आवाज गेले, आणि त्याचा अंगठा बटणावर नुसताच वाट बघत राहिला. काचेतून दिसणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीकडे ती आवाज संपल्यावरही बघत राहिली. पेशंटकडे ती असं कधी बघत नसे.

तो ड्रम वाजवायचा. दोस्त त्याला ठोक्या म्हणत. पाच जणांचा बँड होता आणि वाजवायचे फक्त नव्वदच्या दशकातली गाणी – रॉक, पॉप, नाचाची. तेव्हा कॉलेजात असलेली, आता पोट सुटलेली माणसं ती ऐकून बेभान व्हायची. डावा कान त्याचा लहानपणीच्या तापात गेला होता; उजवा वीस वर्षांच्या ठोक्यांनी खाल्ला. डॉक्टरांनी उजव्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन सांगितलं. त्यात उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं जाणार होतं. त्या बदल्यात माणसांचं बोलणं परत मिळणार होतं.

"आणि गाणी?" त्याने डॉक्टरांना नाही, तिला विचारलं.

पेशंटची समजूत घालण्यात तिचा हातखंडा होता. पण त्या डोळ्यांपुढे तिला ते जमेना. "बहुतेकांना ती भांडी आपटल्यासारखी वाटतात," ती म्हणाली.

त्याने डॉक्टरांकडून दोन महिने मागून घेतले. तीस गाण्यांची यादी केली, सगळी नव्वदमधली. एकेक इतकं ऐकायचं की कान गेला तरी डोक्यात वाजत राहील. गाण्यागणिक कानातलं, सध्याचं ऐकायचं मशीन वेगळं लावावं लागणार होतं. रॉकला वेगळं, पॉपला वेगळं. त्यासाठी कुणीतरी जाणतं हवं, असं तो म्हणाला. हे माझ्या कामात बसत नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. आणि बुधवारी, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत, त्याचा पत्ता शोधत गेली.

सायकलच्या दुकानामागची खोली. भिंतींना आवाज अडवायला जुन्या गाद्या ठोकलेल्या. बुटांच्या खोक्यांत कॅसेट – एका बाजूला एकच गाणं, मागच्या बाजूला त्याचंच नाचायला लांबवलेलं रूप. तिच्या घरी गाणी नव्हतीच. वडील रात्रपाळीला, दिवसा झोपलेले. सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं, भांडीसुद्धा हलक्या हाताने ठेवायची. त्यामुळे जे दशक बाकीच्यांनी नाचून घालवलं ते तिने चवड्यांवर चालून काढलं होतं.  हे ऐकून तो म्हणाला की एकाचं सुटायचं आणि एकाचं सुरू व्हायचं, हिशोब बरा आहे.

बुधवार जात राहिले. तो तिला शिकवी – हे गाणं नाचाचं, यात शब्दांना काही अर्थ नाही, उगाच शोधू नका. हे रॉक, आधी पोरगा रडकुंडीला आल्यासारखा गातो आणि मग सगळी गिटारं एकदम अंगावर येतात. हे पॉप, प्रेमभंग झालाय पण बाई हसत गातेय, म्हणून जास्त लागतं. ती मशीन जुळवायची. त्याचा कान तिच्या बोटांच्या इतका जवळ असायचा की तिला आपल्याच हातांची लाज वाटे. चार बुधवारांनंतर तिने केसात क्लिप लावायला सुरुवात केली. त्याने ते पाहिलं. आणि त्या दिवशी दोन गाणी चुकीची लावली.

एका दुपारी तिने सांगितलं की लहानपणी शेजारच्या भिंतीतून एक गाणं यायचं. ते कोणतं, कधी कळलंच नाही.

"गुणगुणा."

ती गुणगुणली. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि मग मान हलवली. त्याला ऐकू आलं नव्हतं.  मग तिने त्याचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीतून येई तसाच, फक्त ठेका, बोटांनी धरला. दोन ओळी... तीन... त्याने डोळे मिटले. उठला, तिसऱ्या खोक्यातून एक कॅसेट काढली.

भिंतीने इतकी वर्षं अडवून ठेवलेलं सगळं तिने पहिल्यांदा ऐकलं – वरचा बाईचा बारीक, ताणलेला सूर, टाळ्या, शेवटची कुजबूज. आणि त्याला त्यातला फक्त खालचा ठेका ऐकू येत होता, जेवढा तिला लहानपणी यायचा तेवढाच. ती रडू लागली. त्याने कॅसेट थांबवली नाही, तिचा हातही सोडला नाही.

तीसपैकी बावीस गाणी झाली आणि उजवा कान अचानक खाली गेला. ऑपरेशन अलीकडे ओढावं लागलं.

महिन्याने यंत्र सुरू केलं तेव्हा तीच समोर होती. बोलणं त्याला तुकड्यातुकड्यांनी कळू लागलं. घरी जाऊन त्याने एक कॅसेट लावली. दुसऱ्या दिवशी खोकी बँडमध्ये त्याच्या जागी आलेल्या ड्रमरला देऊन टाकली. मग तो बदलला. वेळेवर यायचा, विचारलं तेवढं सांगायचा, निघून जायचा. बुधवारी ती एकदा गेली तर खोलीला कुलूप. दुकानदार म्हणाला, त्याची ताई दुसऱ्या शहरात असते, तिच्याकडे कायमचा निघालाय, शनिवारी.

शुक्रवारी शेवटची तपासणी होती. तिने काही विचारलं नाही. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला. तिने एक वाक्य म्हणायचं, त्याने जसंच्या तसं परत म्हणायचं.

"खिडकीजवळ मांजर झोपलं आहे."

"खिडकीजवळ मांजर झोपलं आहे."

"आज दूध उतू गेलं."

"आज दूध उतू गेलं."

अशी वीस वाक्यं. सोळा बरोबर, चांगला निकाल होता. वीस संपली, पण तिने कागद खाली घेतला नाही.

"मला सोडून जाऊ नकोस."

"मला सोडून जाऊ न..." तो सवयीने म्हणता म्हणता थांबला. "शेवटचा शब्द पुन्हा सांगा."

"नकोस."

"नका... की नकोस?"

कान जाऊ लागला की आधी निसटतो तो स. बाकीच्या वाक्यांत अंदाज चालून गेला होता. इथे अंदाज करायची त्याची हिंमत नव्हती. तिने पुन्हा सांगितलं. 

"स आला," तो हळू म्हणाला. "किती वर्षांनी." मग म्हणाला, "तुझा आवाज मात्र फार वाईट येतो गं. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा."

"सवय होईल. सहा महिने लागतात."

"गाण्यांची होणार नाही."

"नाही," ती म्हणाली. खोटं तिला आत्ताही बोलता आलं नाही. "बहुतेक नाही."

त्याने मान डोलावली. किती तरी वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला. ती ते वाक्य परत घ्यावं की काय या विचारात होती.

मग त्याने हात पुढे करून तिच्या तोंडासमोरचा कागद खाली केला, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "मला सोडून जाऊ नकोस."