मॅथ्यू टेल्फरची रात्रपाळी

मोबाईलचा उजेड बंद कर, रीस. लीक कापायला येणारा माणूस उजेड बघूनच ठरवतो, कुठल्या वाफ्यावर राखण आहे आणि कुठला मोकळा आहे. उद्या सकाळी भाज्यांचं प्रदर्शन आहे. कांद्याच्या पातीसारखे हे माझे लीक मनगटाएवढे झालेत, आणि गेल्या साली शेजारच्या वाफ्यात काय झालं ते तू पाहिलंयस. चोरून खाल्ले असते तर एक वेळ समजलो असतो, पण नुसती सुरी फिरवून गेले मेले. डेक्लन, किटलीत चहा उरलाय का? ओत सगळ्यांना, आणि शेडचं दार पुढं ढकल. गुडघ्यांत वारं शिरतंय माझ्या.

भुताची गोष्ट सांगा म्हणता. मला भुतांतलं काही कळत नाही. या वयात माणूस इतका दमलेला असतो की भूत आलं तरी म्हणेल, बस बाबा, उद्या बघू. पण वॉल्टर टेल्फरच्या घरी काय झालं ते सांगतो. बरंचसं त्याच्या पोरीनं, ग्लेनिसनं, मला सांगितलं. शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ग्लेनिस तुमच्या ओळखीची आहे. म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करते. रात्रभर दुसऱ्यांच्या आईबापांना कूस बदलून द्यायची आणि सकाळी घरी येऊन स्वतःच्या बापाला. साठीला टेकलेली बाई, नवरा नाही, मूल नाही. बसमध्ये बसली की डोळा लागायचा आणि आपला स्टॉप मागं जायचा. वॉल्टरचे पाय गेले होते. छाती तर खाणीतच ठेवून आला होता. खालच्या पुढच्या खोलीत त्याची खाट. डोकं मात्र चोख, आणि जीभ त्याहून.

त्याचं मागणं एकच होतं. मरायच्या आधी मला माझ्या आजोबाचं काय झालं ते कळू दे.

हा आजोबा म्हणजे मॅथ्यू टेल्फर. आपल्या हेजलॉच्या खाणीत कायम रात्रपाळीला. दिवसा बाकीचे कोळसा काढायचे, रात्री हे लोक खाली जाऊन छताला टेकू द्यायचे, रस्ते नीट करायचे. एकोणीसशे तेराच्या फेब्रुवारीत, एका रविवारी संध्याकाळी, तो डबा घेऊन घरातून निघाला. परत आला नाही. बायको खाणीवर गेली, तर तिथले म्हणाले, तो काल खाली उतरलाच नाही. झालं, संपलं. प्रेत नाही, म्हणून चर्चच्या दप्तरात दफनाची नोंद नाही. आणि गावाला काय, तोंड उघडं. बायकोला आणि चार पोरांना टाकून पळाला म्हणे. वॉल्टरच्या बापाला शाळेत पोरं विचारायची, काय रे, तुझा बाप कॅनडाहून पत्र पाठवतो का? तो मोठा झाला, म्हातारा झाला, तरी कोणी कॅनडाचं नाव काढलं की उठून जायचा. वॉल्टरनंही तेच ऐकलं. कामावर यायला जरा उशीर झाला की कोणीतरी म्हणणारच, टेल्फर ना, गेला असेल बोटीवर.

मॅथ्यूची बायको हॅना. तिनं मागच्या दाराला कडी लावायचं सोडून दिलं ते कायमचं. रात्रपाळीचा माणूस पहाटे आला तर पोरांना न उठवता आत येता आलं पाहिजे. ती गेल्यावर तिच्या मुलानं कडी लावली नाही, आणि नंतर वॉल्टरनंही नाही. ग्लेनिस त्यावरून बापाशी भांडायची. घरात मौल्यवान काही नाही, पण तुम्ही तर आहात, म्हणायची. तो म्हणायचा, मला कोण नेतंय, उचलून तर बघू देत.

तर ग्लेनिसनं शोध सुरू केला. सुट्टीच्या दिवशी बसनं डरहॅमला जायचं आणि जुनी दप्तरं बघायची. मी चर्चचा विश्वस्त, आणि घरी बसून कंटाळलेला, म्हणून मीही जायचो सोबतीला. तिथल्या यंत्रावर दप्तरांची फिल्म फिरवून फिरवून डोळे चुरचुरायला लागायचे. मॅथ्यूचा बाप्तिस्मा सापडला, बापाचा धंदा खाणकामगार. मग लग्न. सही येत नव्हती, नावापुढं फुली. फुलीसुद्धा वाकडी, दमलेल्या माणसानं मारल्यासारखी. मग चार पोरांचे बाप्तिस्मे. इथवर सगळं ठीक.

मग आम्ही शिरगणत्या उघडल्या. अठराशे एक्क्याण्णवच्या कागदावर घर आहे, हॅना आहे, तान्हं मूल आहे. मॅथ्यू नाही. एकोणीसशे एकमध्ये नाही. एकोणीसशे अकरामध्येही नाही.

त्या दिवशी बसमध्ये ग्लेनिस खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला म्हणाली, "काका, लोक म्हणत होते तेच खरं निघालं. हा माणूस कधी घरात नव्हताच. आता बाबांना काय सांगू?"

मला हसू आलं. तिला ते आवडलं नाही. मी म्हटलं, अगं, शिरगणती रविवारच्या रात्रीची असते. आज रात्री या घरात कोण कोण झोपलंय, असं विचारतात. पाळीवरून सकाळी घरी येणाराही त्यात धरायचा असतो, पण ते ध्यानात कोण ठेवतो? खाणवाल्याच्या बायकोला विचारलं, नवरा रात्री घरात झोपतो का? ती म्हणणार, नाही बाई, तो दिवसा झोपतो. माझ्या आजीनं माझ्या आजोबाला असाच दोनदा गाळला होता. आणि तो तर पन्नास वर्षं तिच्या कुशीत घोरत होता, भर दुपारी.

हे वॉल्टरला सांगितलं तेव्हा त्यानं तिन्ही सालं बोटांवर मोजली. मग म्हणाला, म्हणजे तिन्ही वेळा कामावर होता. मी म्हटलं, हो. "मग चौथ्यांदा, त्या फेब्रुवारीत, कुठं होता?" त्याचं उत्तर कागदात नव्हतं. ग्लेनिसनं आसपासच्या किती चर्चच्या दफनाच्या नोंदी पाहिल्या, देव जाणे. मॅथ्यू टेल्फर नावाची माणसं सापडली, पण आपला कुठं नाही. मग ती करोनाची साथ आली, दप्तरखाना बंद झाला, आणि आश्रमात रोज कोणी ना कोणी मरायला लागलं. ग्लेनिसनं शोध सोडला. तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

आता ती रात्र. दोन हजार एकवीस, मार्चची एकवीस तारीख, रविवार. नव्या शिरगणतीची रात्र.

ग्लेनिसला त्या दिवशी सुट्टी होती. फॉर्म टेबलावर पडला होता. ती पेन घेऊन बसली, तर वॉल्टर म्हणाला, आत्ता नको, सकाळी भर, रात्रपाळीची माणसं आल्यावर. तिला वाटलं, आता बापाचं डोकंही गेलं. मग तो म्हणाला, वरच्या मागच्या खोलीतल्या खाटेवर अंथरूण घाल. कोणासाठी, तिनं विचारलं.

"तीनदा राहिला तो मोजायचा," वॉल्टर म्हणाला. "आज नको राहायला."

ती चार रात्री नीट झोपली नव्हती. वाद घालायला अंथरूण घालण्यापेक्षा जास्त जोर लागला असता. ती वर गेली. पांढरी चादर घातली, उशी ठेवली, वर ब्लँकेट टाकलं. खाली येऊन बापाच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसली आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. वॉल्टर जागा होता. मान मागच्या दाराकडं.

मागच्या गल्लीत पावलं वाजत होती.

बुटांची. खिळे मारलेल्या जड बुटांची, दगडावर. मागच्या गल्लीत आता दगड नाहीत. डांबर आहे, तुम्ही लहान होतात तेव्हापासून.

पावलं हळू होती. दारू प्यायलेल्या माणसाची नव्हेत... थकलेल्या माणसाची. एक पाऊल. मग दुसरं. मध्ये थांबून श्वास.

फाटक वाजलं.

मग अंगण.

मग मागचं दार... त्याला धक्का द्यावा लागला नाही. कडी नव्हतीच.

ग्लेनिसनं फोन उचलला. पोलिसांना लावणार, तर वॉल्टरनं तिचं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर कुठून आला, ती मला नंतर विचारत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नुसती नको म्हणून मान हलवली.

स्वयंपाकघरात नळ सुटला.

पाणी वाहत राहिलं. वाहत राहिलं. कोणीतरी हात चोळत होतं. तोंडावर पाणी मारत होतं. घसा खाकरला... थुंकलं.

नळ बंद झाला.

आता बूट नव्हते. अनवाणी पाय. जिन्यावर.

एक पायरी.

...

दुसरी.

पायऱ्या संपल्या. वर, मागच्या खोलीत, खाट करकरली.

आणि एक सुस्कारा आला. लांब. ती म्हणाली, काका, मी आश्रमात शेकडो माणसांना झोपवलंय, पण इतकं दमलेलं माणूस मी कधी ऐकलं नाही. भीती होती, पण त्या आवाजाबरोबर तिला रडूच आलं.

मग काही नाही.

"झोपू दे त्याला," वॉल्टर म्हणाला. मनगट सोडलं आणि तो स्वतः झोपला. कित्येक महिन्यांत न खोकता झोपला.

सकाळी सातला मला फोन आला. तोंडाला मास्क बांधून मी गेलो. तेव्हा कोणाच्या घरात जायची बंदी होती, पण तिचा आवाज ऐकून कोण थांबेल? मागचं दार नीट लोटलेलं. स्वयंपाकघराची फरशी कोरडी, बेसिन स्वच्छ. कुठं काही नाही. मी म्हटलं, पोरी, तुला झोपेची गरज आहे. तिनं जिन्याकडं बोट दाखवलं. ती वर गेलीच नव्हती. माझ्यासाठी थांबली होती.

आम्ही वर गेलो. मी पुढं.

ब्लँकेट बाजूला सारलेलं. उशीवर डोक्याचा खळगा, पण उशी पांढरीशुभ्र. हातांच्या जागी काही नाही, पायांच्या जागी काही नाही. चादरीच्या मधोमध फक्त काळी पाठ उमटलेली. दोन खांदे. मधे कण्याची रेघ. खाली निमुळती होत गेलेली कंबर. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली.

मी बोट लावलं. कोळसा. बारीक, ओला. मी पंधराव्या वर्षी त्या खाणीत उतरलो, मला दुसऱ्याला विचारायची गरज नव्हती. खाण बंद होऊन पन्नासावर वर्षं झालीत, तोंड काँक्रीटनं बुजवलंय. त्या घरात कोळशाची शेगडीसुद्धा उरलेली नाही, सगळं गॅसवर.

"फक्त पाठच का?" ग्लेनिसनं विचारलं. इतक्या हळू की मला वाटलं, तिला उत्तर नकोच आहे.

मी सांगितलं. जुनी माणसं घरी येऊन हातपाय धुवायची, तोंड धुवायची, सगळं अंग धुवायची, पण पाठीला पाणी लावायची नाहीत. पाठ धुतली की कमरेतलं बळ जातं आणि उद्या काम होत नाही, असं मानायची. माझा आजोबा असाच झोपायचा. आजी चादरींवरून त्याच्या नावानं बोटं मोडायची.

तिनं चादर काढली. दोन्ही हातांवर आडवी घेतली, आश्रमात माणूस उचलतात तशी, आणि खाली नेली. बापाच्या अंगावर पसरली.

वॉल्टरनं तळवा त्या काळ्या ठशावर ठेवला, दोन खांद्यांच्या मधे, आणि तिथंच ठेवला. त्याचे डोळे वाहत होते. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, मी त्याला बायकोच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

"उतरला होता तो," वॉल्टर म्हणाला. "खालीच होता. इतकी वर्षं खालीच होता."

मग त्यानं पोरीला फॉर्म आणायला सांगितला. ती आणायला गेली. काल रात्री या घरात कोण होतं, त्या रकान्यात तिनं तीन नावं लिहिली. तिसऱ्यापुढं धंदा लिहिला, खाणकामगार, रात्रपाळी. सरकारकडून कोणी विचारायला आलं नाही.

वॉल्टर मेमध्ये गेला. आम्ही त्याला चर्चच्या मागं पुरलं, आणि त्याच्या दगडावर खाली आजोबाचंही नाव घातलं. पाद्री कुरकुरला, नोंद कुठाय म्हणाला. मी त्याला काही दाखवलं नाही.

चादर ग्लेनिसनं धुतली नाही. घडी घालून कपाटात ठेवली. गेल्या महिन्यात तिनं मला बोलावलं आणि ती काढून दाखवली. चार वर्षं झाली. उन्हाळे गेले, हीटर चालू राहिले.

मी हात लावला.

कोळसा अजून ओला आहे.