भोवऱ्यानं टाच का धरली?

"पँट फाडली हो, पँट!" कंत्राटदारकाका एका पायावर नाचत ओरडत होते. "थोडक्यात वाचलो, नाहीतर लचकाच गेला असता!"

फाटलं होतं टाचेजवळ, जेमतेम बोटभर. पण काकांचा आवाज असा, की अख्खी गल्ली गोळा व्हावी! बाबा तावातावानं बाहेर आले.

"काल शेजारच्या काकू, आज हे! आता बास झालं. संध्याकाळी माझा मित्र गाडी घेऊन येतोय. भोवरा त्याच्या गोठ्यावर जाईल!"

ताई धावत बाहेर आली. भोवरा म्हणजे तिचं कुत्र्याचं पिल्लू. काळंपांढरं, मेंढ्या राखणाऱ्या जातीचं. घरात मेंढ्या नव्हत्या, म्हणून यानं माणसंच राखायला घेतली होती! कोणी पळालं की गोल गोल फिरून अडवायचं, आणि नाहीच ऐकलं तर टाचेला दात लावायचे. ती खोड मोडायला ताईनं आणि सुट्टीला आलेल्या तिच्या मावसभावानं, म्हणजे चष्मिसनं, एक नामी युक्ती काढली होती. दात लागले रे लागले, की जागच्या जागी पुतळा व्हायचं! खेळ बंद, मजा बंद! ताईचा चार वर्षांचा भाऊ बारक्या तर असा पटाईत पुतळा, की नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. बघता बघता भोवऱ्यानं दात लावणं सोडलं होतं.

"मग कालपासून काय झालं त्याला?" ताई रडवेली झाली.

"काकूंना कुठे धरलं?" चष्मिसनं विचारलं.

"परसात. मागच्या दारानं येत होत्या."

"आणि काकांना?"

"परसातच! फावडं आणायला निघाले होते."

"म्हणजे पुढच्या अंगणात शहाणा आणि मागे गेला की वेडा? छे! कुठेतरी पाणी मुरतंय!"

दोघं भोवऱ्याला घेऊन परसात गेले. कोपऱ्यात नवी वाळू छान पसरलेली होती. ताईनं तिकडे एक पाऊल टाकलं मात्र, भोवऱ्यानं झेप घेऊन तिची टाच धरली! ती पुतळा झाली. पण आज तो सोडेचना. शेपूट पोटात, अंगावरचे केस ताठ, आणि घशातून बारीक कुंई कुंई.

"अगं, हा चिडला नाहीये," चष्मिस हळूच म्हणाला. "घाबरलाय!"

त्यानं काठीनं वाळू बाजूला सारली. खाली प्लायवुडची फळी निघाली. तिची कड तुटलेली होती, आणि फटीत काळेपांढरे केस अडकले होते.

"याचा पाय अडकला होता इथे!" ताईच्या अंगावर काटा आला.

चष्मिसनं फटीतून एक खडा सोडला. डुबुक! आवाज चांगला खोलातून आला.

"काकांनी बांधलेली पाण्याची नवी टाकी! पण काका तर म्हणाले, लोखंडी झाकण बसवून झालं!"

"ताईऽऽ, मी पण!" मागच्या दारातून बारक्या धावत सुटला. थेट फळीकडे!

"थांब!" ताई किंचाळली. भोवरा बाणासारखा सुटला, वळसा घालून त्यानं मागून बारक्याची टाच धरली, आणि बारक्या जागच्या जागी पुतळा झाला. एक पाय जमिनीवर, एक पाय फळीवर!

कर्र्र...

ताई जागीच थबकली. बारक्यानं पळायचा प्रयत्न केला तर फळी जाणार. आपण धावलो तरी जाणार. देवा रे, करायचं काय?

"बाबांना आण!" ती पुटपुटली. चष्मिस पळाला. "बारक्या, पुतळाच राहा हं. शहाणा माझा तो."

ती पोटावर झोपली आणि कडेकडेनं सरकत त्याच्या मागे गेली. भोवऱ्यानं मागचे पाय रोवून टाच गच्च धरली होती.

"ताई, खाली हलतंय," बारक्या ओठ न हलवता कुजबुजला.

तिनं त्याच्या चड्डीचा पट्टा पकडला, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं मागे ओढलं. तिघंही एकमेकांवर कोलमडले!

तेवढ्यात बाबा धापा टाकत आले, मागोमाग कंत्राटदारकाका.

"काही नाही हो!" काका घाईघाईनं म्हणाले. "झाकण आहे खाली, वर नुसती फळी. एकदम भक्कम! पोरं उगाच राईचा पर्वत करतात."

"मग काका," चष्मिस साळसूदपणे म्हणाला, "उभे राहून दाखवा ना!"

काकांनी पाय उचलला. फळीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. पाय मुकाट्यानं मागे घेतला.

"नाही म्हणजे... माझं वजन जरा..."

बाबांनी फावड्याचा दांडा फळीवर दाबला. ढब्ब! फळी गेली. खाली काळंशार पाणी हिंदकळत होतं. झाकणाचा पत्ताच नव्हता.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी बारक्याला उचलून छातीशी धरलं.

"उद्या बसवणारच होतो," काका चाचरत म्हणाले.

"आज! आत्ता!" बाबा गरजले. "झाकण बसेपर्यंत इथून हलायचं नाही. मी इथेच उभा आहे."

मग त्यांनी ताईच्या आणि चष्मिसच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास रे वाघांनो! तो टाच का धरतोय, हे मी साधं विचारलंसुद्धा नाही. तुम्ही विचारलंत."

त्यांनी खिशातून फोन काढला.

"येऊ नकोस रे गाडी घेऊन... नाही, गोठ्यावर नाही पाठवत... अरे, त्याचं काम इथे आहे, माझ्या पोरांपाशी!"

ताईला मोठ्यानं हसायचं होतं, पण रडूच फुटलं. ती भोवऱ्याच्या गळ्यात पडली. त्याचं काळीज अजून धडधडत होतं, आणि तिचंही.