एकतीस मार्चपर्यंत

परतीच्या पावसाने त्या दुपारी गोव्यातल्या मये गावच्या तळ्याकाठचा रस्ता धुऊन काढला होता. देवळाच्या सभागृहात सुविधा प्रौढ साक्षरतेचा वर्ग घेत होती. सरकारने मानधनावर नेमलेली शिक्षिका ती, आणि या कामाला तिला सहा वर्षं झाली होती. समोर अकरा बायका पाट्यांवर वाकलेल्या. तेवढ्यात एक तरुण दारात येऊन उभा राहिला... नखशिखांत भिजलेला, चष्म्यावरून पाणी ओघळणारा.

"ये रे बाबा, लाजू नको," साठीची कमलमावशी सरकून जागा करत म्हणाली. "मी ह्या वयात शिकतंय, तुका कसली लाज?" आणि तिने त्याच्या हातात पाटी दिली.

तो निमूट बसला. सुविधाने सांगितलेली 'क'ची बाराखडी त्याने लिहिलीसुद्धा. वर्ग सुटल्यावर मात्र ओळखपत्र पुढे केलं. तो होता गौरेश, पेडण्याचा, जिल्हा कार्यालयातून या साक्षरता केंद्राच्या तपासणीला आलेला.

"आधी सांगायचं ना," ती ओशाळली.

"मावशींनी एवढ्या प्रेमाने पाटी दिली... त्यांचं मन मोडवेना. अक्षर कसं आहे माझं, बाई?"

"वाईट. मात्रा सगळ्या कलंडल्यात."

"मग परत यावं लागेल."

तपासणी महिन्यातून एकदाच असायची. तो दर गुरुवारी येऊ लागला. कधी खडूंचे डबे घेऊन, कधी नुसताच. वर्ग सुटला की दोघं तळ्याच्या बांधावरून बस थांब्यापर्यंत चालत जायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मनातलं मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही. तिला वाटायचं, आज बोलेल... आणि बस यायची.

काजूची बोंडं पिकली, रानभर त्यांचा आंबूस-गोड वास सुटला, आणि मार्च लागताच मडगावच्या एका खासगी शाळेतून सुविधाला पत्र आलं. ग्रंथपालाची जागा, कायमची. खाण बंद पडल्यापासून तिचे बाबा घरीच होते; घर तिच्यावरच होतं. आठ दिवसांत होकार कळवायचा होता.

"घेऊ का रे?" तिने बांधावर त्याला विचारलं.

त्याने एक खडा उचलून पाण्यात भिरकावला. मग हसून म्हणाला, "घे की. पण... गुरुवारी मग मी कुणाकडे यायचं?"

त्या एका वाक्यावर ती घरी जाईपर्यंत तरंगत होती. मडगावला तिने नकार कळवला. बायकांना अर्ध्यावर टाकून कशी जाऊ, असं बाबांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी गौरेश आला तो थट्टा न करता आला. पायरीवरच त्याने तिच्या हातात कागद ठेवला. एकतीस मार्चपर्यंतच केंद्र चालणार होतं. पुढे मानधनाची पदं बंद, सभागृहाचं भाडं बंद. शिकलेल्या कुणीही मोबाईलवर नाव नोंदवावं आणि आपल्या सवडीने, फुकट शिकवावं, अशी नवी योजना आली होती.

तिने कागद दोनदा वाचला. मग वरची तारीख दिसली. दहा फेब्रुवारी.

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"कुणाला सांगू नका, असं ऑफिसात बजावलं होतं." त्याने चष्मा काढला. "पण ते निमित्त, सुविधा. तू मडगावला जाशील, या भीतीने गप्प राहिलो. मला तू आवडतेस... अगदी पहिल्या दिवसापासून. तुझ्या घरी येऊन विचारणार होतो."

पाच महिने हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आज ते कानावर आलं, आणि तिला नुसतं थकल्यासारखं झालं.

"तुझी नोकरी?" तिने विचारलं.

"राहिली. स्वयंसेवकांच्या नोंदी ठेवायच्या."

"तू सांगितलं असतंस तरी, कोण जाणे, मी थांबलेही असते," ती हळूच म्हणाली. "पण ते मी ठरवलं असतं, गौरेश. तू माझं ठरवणंच काढून घेतलंस."

आत बायका वाट बघत होत्या. त्या दिवशी तिने त्यांना आपापला पत्ता लिहायला शिकवला. सहाला बाहेर पडली तेव्हा तो पायरीवरच होता. ती त्याच्याजवळून गेली, थांबली नाही.

मडगावची जागा केव्हाच भरली होती. समुद्रकाठी, मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसमध्ये तिला काउंटरवरचं काम मिळालं. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. जुलैत एकदा कमलमावशीचा फोन आला.

"गो बाय, आमका मास्तर गावलो. तुझोच तो, गौरेश. गुरुवारची रजा काढून येता, फुकट शिकवता. पण जमणा नाय त्याका. फळ्याकडे तोंड करून बोलता, कोणाक काय कळणा नाय." मावशी जरा घुटमळली. "तुझी चौकशी करता. काय सांगू?"

बाहेर समुद्र मळकट, पावसाने झाकोळलेला. एक पाहुणा काउंटरवर किल्ली मागत होता. सुविधाने त्याला किल्ली दिली.

"सांग... बायकांकडे तोंड करून बोलायचं," ती म्हणाली. "आणि एका दिवसाला दोनच अक्षरं."

"आणि?"

तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिने किल्ल्यांची वही पुढे ओढली.

"एवढंच, मावशी."