आबांच्या मेंदूतला तपकिरी रंग

आबांना शाळेतल्या सोबत्यांची नावं अखेरपर्यंत तोंडपाठ होती. केतकीच्या मोठ्या भावाला, निहारदादालाही ते नावानं हाक मारत. फक्त केतकीकडे बघून विचारत, "ही कुणाची मुलगी?" आबा जाऊन वर्ष होत आलं तरी नऊ वर्षांच्या केतकीला हे कोडं सुटलं नव्हतं. तिनं मनाशी एक उत्तर धरलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. आपण आबांची नावडती नात होतो.

आबांनी मरणोत्तर मेंदूदान केलं होतं. त्यांची लेक, म्हणजे केतकीची वसुधाआत्या, मेंदूपेढीत (दान केलेले मेंदू अभ्यासासाठी जपणाऱ्या संस्थेत) शास्त्रज्ञ होती. लहान पोरीला असलं काही दाखवावं का, यावरून घरात बरीच वादावादी झाली. पण केतकी हट्टाला पेटली की कुणाचं काही चालत नसे. शेवटी आत्या तिला घेऊन गेली.

प्रयोगशाळेत कमालीची शांतता होती. हवेत तरंगणाऱ्या पडद्यावर आबांच्या मेंदूच्या केसाहूनही पातळ अशा कापाचा मोठा फोटो उमटला. तो हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा) होता. आत्यानं समजावून सांगितलं, की आबांना झालेल्या विस्मरणाच्या रोगात टाऊ नावाचं प्रथिन बिघडतं आणि पेशींमध्ये त्याच्या गुठळ्या साचतात. त्या दिसाव्यात म्हणून कापावर प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) सोडतात आणि ती जिथे चिकटतील तिथे तपकिरी रंग आणतात. मग संगणक फोटोतला एकेक पिक्सेल (चित्रातला सर्वांत बारीक ठिपका) तपासतो. शंभरातले जितके ठिपके तपकिरी, तितके टक्के रोग. पूर्वी हे नजरेनं ठरवत, आणि एकाचं 'थोडं' ते दुसऱ्याचं 'बरंच' असे.

आकडा आला, अडतीस. केतकीला एकदम हलकं वाटलं. एवढा रोग असेल तर बिचारे आबा तरी काय करणार?

पण आत्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिनं फोटो मोठा केला. काचेवर बसवताना कापाला एका कडेला चुणी पडली होती. दुहेरी झाल्यामुळे ती जागा गडद दिसत होती आणि संगणकानं तिलाही रोगात धरलं होतं. चुणी वगळून पुन्हा मोजावं लागणार होतं.

"राहू दे ना आत्या," केतकी रडवेली झाली. "आकडा कमी झाला तर आबा मला मुद्दामच विसरले असं होईल."

पोरीच्या मनात वर्षभर काय सलत होतं, ते आत्याला आत्ता कळलं. मग ती म्हणाली, की याच आकड्यांवर नवी औषधं पारखली जातात. माप चुकलं तर औषधही चुकेल. तिनं पडद्यावर खुणा करायची लेखणी केतकीच्या हातात दिली. केतकीनं नाक पुसत चुणीभोवती रेघ ओढली. आकडा उतरला, तेवीस.

"एवढं पुरे आहे का?" तिनं विचारलं. "मला विसरायला?"

"निरोगी म्हाताऱ्या मेंदूत इथे सहसा एक टक्कासुद्धा भरत नाही," आत्या म्हणाली. "जुन्या आठवणी दुसरीकडे रुजलेल्या असतात, त्या उशिरा जातात. पण तू पाळण्यात होतीस तेव्हाच इथे गुठळ्या धरू लागल्या असणार. आबा तुला विसरले नाहीत, बाळा. तुझी आठवण ठेवायला त्यांना जागाच मिळाली नाही."

"पण मी त्यांना आवडायचे का?"

"ते यात मोजता येत नाही."

केतकी पुष्कळ रडली. आत्याही रडली. मग आत्या म्हणाली, की औषध सापडलं तर एखाद्या मुलीला तिचे आबा नावानं हाक मारतील.

"मला हाक नाही मारणार," केतकी म्हणाली.

"नाही," आत्या म्हणाली.

पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी आबांचा काप आला. केतकीनं डोळे पुसले आणि ती त्यात चुणी शोधू लागली.