अर्ध्या मिनिटाची शांतता

"आत कोणी आहे का?"

दाराबाहेरून आलेल्या या प्रश्नाने संकलिकेच्या हातातला चहा बशीत सांडला. ती त्या वेळी एका भयपटाच्या ट्रेलरची जुळणी करीत होती. पडद्यावर ओसाड विहीर होती, आणि आवाज तर थेट त्या विहिरीतूनच आल्यासारखा! दारात मात्र सुजल्या गालाचा एक सालस तरुण उभा होता.

"दातांचा दवाखाना..." तो संकोचून म्हणाला.

"वरच्या मजल्यावर. पण जायच्या आधी तेच वाक्य पुन्हा म्हणा ना!"

येणेप्रमाणे, पेशाने ग्रंथपाल असलेला, दिवसभर हलक्या आवाजात बोलणारा तो तरुण भयपटांच्या ट्रेलरचा निवेदक झाला. दोन वर्षांत नऊ ट्रेलर झाले. तो काचेच्या खोलीत माइकपुढे उभा राही. ती काचेपलीकडे हेडफोन लावून बसे. "त्या घरातून कोणीही परतलेलं नाही..." असे तो म्हणे, ती शहारे, आणि तिचा तो शहारा पाहून त्याच्या अंतःकरणात मात्र फुले उमलत.

एकदाच त्याने धीर केला होता. जिन्यात तिला गाठून, अत्यंत कोमलपणे तो म्हणाला, "मी रोज... तुमची वाट पाहत असतो."

ती पोट धरून हसली. "अहो, केवढ्याने दचकले मी! हे पुढच्या ट्रेलरला ठेवा हं!"

सवयीने त्याचा सूर ट्रेलरमधल्यासारखाच खाली उतरला होता.

"बोललास का रे तिच्याशी?" घरी ताईने विचारले.

"बोललो. घाबरली."

"धन्य आहेस बाबा! चिठ्ठी तरी लिहायचीस!"

चिठ्ठी त्याने लिहिली; परंतु ती खिशातच मऊ होत गेली... आणि तशात निर्मात्याचा निरोप आला. यापुढे ट्रेलरला निवेदन नको, नुसते संगीत आणि अक्षरे पुरेत. हातातला ट्रेलर अखेरचा. त्यानंतर या खोलीत येण्यास त्याच्यापाशी कोणतेच कारण उरणार नव्हते.

शेवटचे वाक्य झाले. त्याने कागदाची घडी घातली.

"थांबा," काचेपलीकडून ती म्हणाली. "खोलीची रिकामी शांतता घ्यायची आहे, अर्धं मिनिट. वाक्यांच्या मधे भरायला लागते. हलू नका, बोलू नका."

लाल दिवा लागला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. घड्याळाचा काटा निर्दयपणे सरकत होता... दहा... पंधरा... तिने नजर हटवली नाही. वीस—

"मला इथं येत राहायचंय," तो म्हणाला. "काम नसलं तरी. तुमच्यासाठी."

तो आवाज विहिरीतला नव्हता. पातळ होता, थरथरता होता, आणि केवळ त्याचा होता.

"बिघडवलीत शांतता," ती म्हणाली.

"माफ करा. पुन्हा घेऊ या."

"काही गरज नाही. असली शांतता माझ्याकडे ढीगभर पडली आहे. मला फक्त... तुम्हाला अर्धं मिनिट जास्त थांबवून घ्यायचं होतं."

तिने हेडफोन उतरवला. ती उठली, आणि काचेच्या खोलीचे जड दार उघडून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता म्हणा. मधे काही नको."

त्याने ते म्हटले. परंतु इतक्या हलक्या आवाजात, की ऐकण्यासाठी तिला आणखी जवळ यावे लागले.